मयत हार्ड डिस्कचा जबाब

मुलांनो, एका जंगलात एक कचेरी होती. हसू नका. जिथे चार प्राण्यांना राहायला बीळ लागतं, तिथे पाचवा प्राणी ते बीळ कोणाचं हे लिहून ठेवायला बसतोच.

या कचेरीत जंगलातल्या प्रत्येक बिळाची नोंद होती. पूर्वी ती कागदावर होती. मग एक दिवस संगणक आला. कागदांची गरज उरली नाही, म्हणून ते नष्ट करण्याचं कंत्राट वाळवीला देण्यात आलं. वाळवीनं काम मुदतीआधी पूर्ण केलं. जंगलाच्या इतिहासात मुदतीआधी पूर्ण झालेलं ते एकच सरकारी काम.

कचेरीचा प्रमुख होता रानगवा. त्याला सगळे गवासाहेब म्हणत. तो विचार करत असला की रवंथ करायचा आणि विचार करत नसला तरी रवंथ करायचा, त्यामुळे तो फार विचारी आहे असा लौकिक होता. त्याच्या हाताखाली घोरपड भाऊसाहेब हा कारकून. तो खुर्चीला असा चिकटलेला असायचा की खुर्ची हलवायची तर त्याच्यासकट हलवावी लागे.

एके दिवशी सकाळी या कचेरीत एक साळिंदर आली. तिचं नाव साळूबाई. सागाच्या टेकडीवर तिचं बीळ होतं. त्या बिळात तिची दोन पिल्लं होती, आणि त्या बिळावर वराहशेठ नावाच्या रानडुकराचा डोळा होता. शेठला ती टेकडी उकरून रताळी लावायची होती. त्यांनी अर्ज केला होता की टेकडीवरचं बीळ रिकामं आहे, सबब ते आपल्याला मिळावं.

"भाऊसाहेब," साळूबाई म्हणाली, "माझ्या बिळाचा उतारा द्या. उद्या चार वाजता निकाल आहे."

घोरपड भाऊसाहेबानं समोरच्या संगणकाकडे बोट दाखवलं. काळ्या पडद्यावर पांढरी ओळ होती : हार्ड डिस्क सापडली नाही.

"म्हणजे काय?"

"म्हणजे सापडली नाही."

"हरवली कुठे?"

"हरवली नाही. या डब्यातच आहे. फक्त डब्याला सापडत नाही."

"मग माझ्या बिळाचं काय?"

भाऊसाहेबानं भिंतीवरचा नियम वाचून दाखवला. "जे बीळ संगणकात दिसत नाही, ते रिकामं समजावं."

"अहो, मी त्यात राहते! माझी पोरं त्यात झोपलीत!"

"बाई, तुम्ही राहता हे मला माहीत आहे. मी स्वतः तुमच्याकडे दोनदा जेवलोय. पण मी संगणक आहे का?"

बाकावर बसलेले वराहशेठ खदाखदा हसले. "भाऊसाहेब नियमाला धरून बोलतात हो. असा नियम पाहिजेच. नाहीतर कोणीही उठेल आणि म्हणेल, मी आहे."

आता हा संगणक कधी बिघडला? तीन आठवड्यांपूर्वी. कोल्ह्याकडे त्याच्या देखभालीचं कंत्राट होतं. कोल्हा आला, डब्यावर हात ठेवला, मान हलवली आणि म्हणाला, "गेली." एवढं बोलून तो चहा पिऊन निघून गेला. लगेच गवासाहेबांनी पाच पंच बोलावून हार्ड डिस्कचा पंचनामा केला. 'डिस्क मयत असून तिच्या अंगावर जखमा नाहीत' असं त्यात लिहिलं. पाचही पंचांनी सही केली. त्यातल्या चौघांनी डिस्क पाहिली नव्हती आणि पाचव्या सशाला वाटलं, माउस म्हणतात ती हीच. नवीन डिस्कची मागणी वर गेली. ती यायला आठ महिने लागणार होते.

साळूबाई रडली नाही. साळिंदर रडत नाही, काटे उभे करतं. ती तडक निघाली ती वठलेल्या ऐनाच्या झाडाखाली गेली. तिथे सुतारपक्षी राहायचा.

सुतारपक्षी झाड ठोकून आत कीड आहे की नाही ते सांगायचा. त्याच कानाच्या जोरावर तो रेडिओ, पंखे, पंप, सगळं दुरुस्त करायचा. स्वभावानं फार भांडकुदळ. बिघडलेली वस्तू पाहिली की तिच्या मालकावर आधी खेकसायचा, मग ती हातात घ्यायचा.

"सुतारभाऊ, हार्ड डिस्क मेली तर जिवंत होते का?"

"मेली हे कोण म्हणालं?"

"कोल्हा."

"त्यानं ऐकलं का?"

"त्यानं हात ठेवला."

"हात!" सुतारपक्षी फांदीवर थयथयाट करू लागला. "हात ठेवायला तो काय आशीर्वाद देतोय? साळूताई, यंत्राला न दिसणं वेगळं आणि नसणं वेगळं. माझा चष्मा हरवतो तेव्हा बायको मेलेली असते का?"

"मग येता?"

"येतो. पण माझ्या कामात मध्ये बोलायचं नाही. आणि काम अर्धवट सोडायला सांगायचं नाही. मी अर्धवट काम करत नाही."

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडली तेव्हा दोघं दारात उभे. भाऊसाहेबानं भिंतीवरचं मेन बटण दाबलं. वीज वाचावी म्हणून तो रोज संध्याकाळी ते बंद करून जायचा आणि त्याबद्दल त्याला एक प्रशस्तिपत्रकही मिळालं होतं. संगणक कण्हत कण्हत सुरू झाला आणि पुन्हा तीच ओळ दाखवून थांबला.

"उघडायचं असेल तर लेखी अर्ज द्या," भाऊसाहेब म्हणाला.

साळूबाईनं अर्ज लिहून दिला. भाऊसाहेबानं पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं, तारखेचा शिक्का फिरवला आणि ठप्पकन मारला. एक जानेवारी दोन हजार चार.

"भाऊसाहेब, ही तर वीस वर्षांहून जुनी तारीख आहे."

"संगणक तीच दाखवतो."

"पण आज ती नाही ना!"

"कचेरीत संगणकाचीच तारीख धरावी, मनाची धरू नये, असा गवासाहेबांचा आदेश आहे. तीन आठवडे आम्ही रोज हीच तारीख टाकतोय. कोणाची तक्रार नाही."

"अहो, या तारखेला माझा जन्मसुद्धा झाला नव्हता."

"मग तुम्ही जन्माआधीच अर्ज केलात," भाऊसाहेब कौतुकानं म्हणाला. "इतकं वेळेवर इथे कोणी येत नाही."

सुतारपक्ष्याला एवढा वेळ धीर नव्हता. त्यानं डब्याला चोच लावली आणि दोन ठोके दिले. मग कान लावला. डोळे मिटले.

"फिरतेय," तो म्हणाला.

"काय?"

"तबकडी. आत फिरतेय. मेलेलं फिरत नसतं."

डब्याचे स्क्रू नव्हतेच. खंडेनवमीला यंत्राची पूजा करताना ते काढले होते, आणि परत लावायचं कोणाच्या यादीत नव्हतं. सुतारपक्ष्यानं झाकण बाजूला केलं आणि तो किंचाळला.

आत हळदकुंकू होतं. पंख्यावर होतं, तारांवर होतं, मदरबोर्डावर होतं. एका कोपऱ्यात वाळलेल्या झेंडूचं अख्खं फूल होतं.

"हे कोणी केलं?"

"पूजा नीट व्हायला नको?" भाऊसाहेब म्हणाला. "दरवर्षी नुसतं डब्याला कुंकू लावायचो. या वर्षी साहेब म्हणाले, देव आत आहे आणि तुम्ही पत्र्याला काय लावताय? उघडा."

सुतारपक्षी मोठा श्वास घेऊन कामाला लागला. आधी त्यानं डिस्कची तार काढून साफ केली आणि परत बसवली. सापडली नाही. मग तार बदलली. सापडली नाही. मग तो तार जिथे खोचतात ती तोंडं पाहू लागला. मदरबोर्डावर अशी चार तोंडं होती. पहिल्या दोनांपैकी एकात सीडीची तार होती आणि दुसऱ्यात कुंकू बसून त्याचा दगड झाला होता. डिस्क होती तिसऱ्या तोंडात.

"हं," तो म्हणाला. "बोर्ड जुना आहे. हा आपणहून पहिल्या दोन तोंडांकडेच बघतो. पुढच्या दोनांकडेही बघ रे बाबा, असं याला सेटअपमध्ये जाऊन सांगावं लागतं. कोणीतरी शहाण्यानं पूर्वी सांगितलं असणार. हा ते विसरलाय."

त्यानं संगणक बंद करून चालू केला. चालू होताना चोचीनं एक कळ टकटक दाबत राहिला. निळा पडदा आला. तो खाली खाली गेला. एका ओळीपुढे 'बंद' लिहिलं होतं. त्यानं ते 'चालू' केलं आणि बाहेर आला.

संगणक क्षणभर घुटमळला आणि मग डिस्कचं नाव पडद्यावर उमटलं. पाठोपाठ यादी आली. सगळी बिळं, सगळ्या ढोल्या, सगळ्या गुहा. भाऊसाहेबानं बोटानं शोधलं. सागाची टेकडी, बीळ क्रमांक एक्काहत्तर, राहणार साळूबाई, सोबत पिल्लं दोन.

"सापडलं!" साळूबाईचे सगळे काटे एकदम उभे राहिले. भाऊसाहेबाच्या खुर्चीची गादी फाटली, पण तोसुद्धा टाळ्या वाजवत होता.

बाकावरचे वराहशेठ मात्र उठले आणि शांतपणे आतल्या खोलीत गेले. बाहेर आले ते गवासाहेबांना घेऊनच.

गवासाहेबांनी पडदा पाहिला. बराच वेळ रवंथ केलं.

"ही कोणती डिस्क?"

"आपलीच, साहेब," भाऊसाहेब म्हणाला. "जुनीच."

"जुनी मयत आहे. पंचनामा झालाय."

"साहेब, ती चालतेय."

"चालत असेल. पण पाच पंचांच्या सह्या आहेत. नवीन डिस्कची मागणी गेली आहे. आता ही जिवंत आहे असं मी वर कळवलं, तर वरचे विचारतील, मग पंचनामा कोणाचा केला? त्यापेक्षा ही मयतच बरी. आणि मयताचा जबाब मला ग्राह्य धरता येत नाही."

सुतारपक्षी उडून थेट गवासाहेबांच्या शिंगावर बसला. "डोळ्यांना दिसतंय ते खोटं आणि पाच सह्या खऱ्या? तुम्ही साहेब आहात की कोल्ह्याचे भाचे?"

"शिंगावरून उतरा. ते कार्यालयाचं आहे," गवासाहेब म्हणाले. "भाऊसाहेब, बटण बंद करा. चार वाजता शेठच्या अर्जावर निकाल देऊ."

बटण बंद झालं. पडदा काळा झाला. थोड्या वेळानं भाऊसाहेबानं गुपचूप ते पुन्हा चालू केलं. पुन्हा तीच ओळ. हार्ड डिस्क सापडली नाही.

"परत विसरला!" सुतारपक्षी डब्यात डोकं खुपसून ओरडला. "म्हणजे याची आठवणच... थांबा. भाऊसाहेब, इथे एक गोल खळगा आहे. त्यात हळद आहे. इथलं नाणं कुठे गेलं?"

"नाणं? हो, पूजेच्या वेळी एक चकचकीत नाणं होतं खरं. मला वाटलं, पूर्वी कोणीतरी देवापुढे रुपया ठेवलाय. तो मी ताटात टाकला. बगळेगुरुजी दक्षिणा म्हणून घेऊन गेले."

"अहो, ती बॅटरी होती! वीज गेली तरी बोर्डाला सगळं आठवावं म्हणून ती असते. तारीख तीच सांभाळते, कोणत्या तोंडाकडे बघायचं ते तीच सांभाळते. तुम्ही त्याची स्मरणशक्ती दक्षिणेत दिलीत!"

"तरीच गुरुजी म्हणत होते, हा रुपया वाणी घेत नाही," भाऊसाहेब पुटपुटला.

"मी तालुक्याच्या बाजारातून नवी आणतो," सुतारपक्षी म्हणाला. "घड्याळवाल्याकडे मिळते. बॅटरी बसवतो, तारीख लावतो, डिस्क दाखवतो. मग बघू कोण मयत म्हणतंय." आणि तो भुर्रकन उडाला.

साळूबाई एकटीच बाकावर बसली. शेजारी वराहशेठ. चार वाजायला दीड तास होता.

"बाई, सामान बांधायला घ्या," शेठ प्रेमानं म्हणाले. "मी काही वाईट नाही. रताळी आली की पोरांना दोन देईन. लहानशी."

साळूबाईच्या हातात सकाळच्या अर्जाची पोच होती. ती शिक्क्याकडे पाहत होती. एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. मग ती उठून भाऊसाहेबाकडे गेली.

"भाऊसाहेब, शेठचा अर्ज कधी आला?"

"खंडेनवमीच्या आधी आठवडाभर."

"त्यावर तारीख?"

"तेव्हा संगणक बरा होता. या वर्षीचीच आहे."

"बरं," साळूबाई म्हणाली आणि परत येऊन बसली.

पावणेचारला सुतारपक्षी घामाघूम होऊन आला. चोचीत कोरी, चकचकीत बॅटरी. तो डब्यावर उतरला आणि बॅटरी खळग्याकडे नेली.

"नको," साळूबाई म्हणाली.

"काय नको?"

"नका बसवू. जसं आहे तसं राहू द्या."

सुतारपक्ष्याला वाटलं, तिला भोवळ आली असावी. "साळूताई, दोन मिनिटांचं काम आहे! यंत्र ठणठणीत होईल!"

"ठणठणीत झालं की आजची तारीख दाखवेल. आणि आज निकाल आहे. डिस्क दाखवली तरी साहेब तिला मयतच म्हणणार. ते तुम्ही ऐकलंत ना?"

"मी काल काय सांगितलं होतं? अर्धवट काम करत नाही मी!"

"सुतारभाऊ," साळूबाई हळू आवाजात म्हणाली, "माझी पोरं त्या बिळात आहेत."

सुतारपक्ष्यानं बॅटरी पंखाखाली घातली आणि तो खिडकीत जाऊन पाठ करून बसला.

चार वाजले. गवासाहेब आसनावर बसले. "वराहशेठ यांचा अर्ज."

"हरकत आहे, साहेब," साळूबाई उभी राहिली. "आज तारीख काय?"

"ते भाऊसाहेब सांगतील."

भाऊसाहेबानं पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. "एक जानेवारी दोन हजार चार, साहेब."

"आणि शेठच्या अर्जावर कोणती तारीख आहे?"

भाऊसाहेबानं कागद उलटवला. त्याचे डोळे मोठे झाले. "साहेब... हा अर्ज पुढे वीसेक वर्षांनी येणार आहे."

फक्त रवंथाचा आवाज येत होता.

"म्हणजे आजच्या तारखेला असा अर्ज या कार्यालयात आलेलाच नाही," साळूबाई म्हणाली. "न आलेल्या अर्जावर साहेबांनी निकाल दिला आणि वरून चौकशी आली तर?"

'वरून चौकशी' हे शब्द ऐकताच गवासाहेबांचं रवंथ थांबलं. म्हातारे प्राणी सांगतात, असं पूर्वी एकदाच घडलं होतं, वणवा लागला तेव्हा.

"साहेब, हा काय चावटपणा आहे?" वराहशेठ गरजले. "अर्ज समोर पडलाय! मी इथे तुमच्यासमोर बसलोय!"

"तुम्ही बसलाय हे मला दिसतंय, शेठ," गवासाहेब दुःखानं म्हणाले. "पण संगणकाला तसं वाटत नाही."

"मग तारीख बदला! माझ्या मनगटावरचं घड्याळ बघा!"

"मनाची तारीख धरू नये, असा आदेश आहे."

"कोणाचा?"

"माझाच. म्हणून तर मोडता येत नाही."

"ठीक आहे. मी उद्या येतो."

"या ना," भाऊसाहेब म्हणाला. "पण उद्या सकाळी बटण दाबलं की पुन्हा एक जानेवारीच असेल. परवासुद्धा. आमच्याकडे आता रोज तीच असते. नवा अर्ज दिलात तरी निकालाची तारीख उजाडायची नाही."

गवासाहेबांनी साळूबाईला शिक्क्यानिशी दाखला दिला : आजच्या तारखेस बीळ क्रमांक एक्काहत्तरवर कोणाचाही दावा प्रलंबित नाही. तारीख अर्थातच तीच.

वराहशेठ कचेरीच्या पायरीवर उभे राहून ओरडत होते, "यंत्र दुरुस्त करा! जनतेचे हाल होताहेत! ही कसली कचेरी!" इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच खरं बोलत होते, आणि त्यांचं कोणी ऐकत नव्हतं. कोल्ह्याला त्यांनी निरोप धाडला. कोल्हा आला, डब्यावर हात ठेवला, म्हणाला, "गेली," आणि चहा पिऊन निघून गेला.

साळूबाई धावत टेकडीवर गेली. सुतारपक्षी मात्र तिच्याशी एक शब्द न बोलता आपल्या झाडावर परतला. पंखाखालची बॅटरी त्यानं ढोलीत ठेवली.

"झालं का काम?" बायकोनं विचारलं.

"झालं."

"म्हणजे यंत्र चालू झालं?"

"नाही," तो म्हणाला. "तिचं काम झालं." आणि रात्र पडेपर्यंत तो झाडावर एकाच जागी ठोके मारत राहिला. तिथे कीड नव्हती.

तात्पर्य : बिघडलेलं यंत्र घाईनं दुरुस्त करू नये. आधी ते कोणाविरुद्ध बिघडलंय ते पाहावं, आणि जमल्यास त्याचं तोंड समोरच्याकडे वळवावं. प्रामाणिक कारागिराला मात्र न चुकता बोलवावं. नेमकं काय दुरुस्त करायचं नाही, हे त्याच्यावाचून कोणाला कळणार?